अडीच तासांचे प्रेम मालिकेत किती दिवस पुरते?

जुन्या, गाजलेल्या प्रेमपटावर आता मालिका येणार अशी बातमी आली, की गोव्यातील मराठी घरांत साधारणपणे दोन प्रश्न विचारले जातात: नायक-नायिका कोण, आणि चित्रीकरण आपल्याकडे होणार का. दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु मालिका जमणार की फसणार हे बहुधा तिसऱ्याच प्रश्नावर ठरते, आणि तो प्रश्न असा की मूळ कथेत प्रेमिकांच्या वाटेत जी अडचण उभी आहे, ती किती काळ टिकू शकेल. मोठ्या पडद्यावरची गोष्ट लहान पडद्यावर आणणे एवढाच या कामाचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात पडद्याचा आकार ही त्यातील सर्वांत किरकोळ बाब आहे. आधी बदलते ते कथेतील वेळेचे गणित, आणि मग त्याच्या मागोमाग खर्च, हक्क आणि शेवट हेही बदलत जातात.

हे समजून घेण्यासाठी गोव्याच्या भूमीवर घडणारा एक चित्रपट समोर ठेवू आणि त्याची मालिका केवळ मनातल्या मनात काढून पाहू. १९८१ मधील ‘एक दूजे के लिए’ या हिंदी चित्रपटात एक तमिळ आणि एक हिंदी भाषक कुटुंब गोव्यात शेजारी-शेजारी राहते. त्या घरांतील वासू आणि सपना यांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी ते प्रेमात पडतात. दोन्ही घरांचा विरोध इतका कडवा, की शेवटी तोडगा म्हणून एक अट पुढे येते: वर्षभर एकमेकांना भेटायचे नाही, पत्र लिहायचे नाही, आणि त्यानंतरही प्रेम टिकले तर लग्न लावून देऊ. अट पाळली जाते, मध्ये एक घातक गैरसमज होऊन तो दूरही होतो, आणि तरीही शेवटी दोघे जिवंत राहत नाहीत. दोनापावलचा समुद्र त्या काळी हिंदी प्रेक्षकांच्या मनात ठसला तो याच चित्रपटामुळे.

हा चित्रपट स्वतःच एक पुनर्निर्मिती होता. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७८ मध्ये ‘मरो चरित्र’ हा तेलुगू चित्रपट कृष्णधवल स्वरूपात काढला होता. त्यात नायक तमिळ आणि नायिका तेलुगू होती, आणि समुद्र होता विशाखापट्टणमचा. तीच कथा हिंदीत आणताना निर्माते एल. व्ही. प्रसाद यांच्यासाठी बालचंदर यांनी नायिकेची भाषा बदलली, गाव बदलले, समुद्रही बदलला. कमल हासन मात्र दोन्हीकडे नायक राहिले. एवढे सगळे बदलूनही एक गोष्ट जशीच्या तशी राहिली, आणि ती म्हणजे लांबी. चित्रपटावरून चित्रपट करताना अडीच-पावणेतीन तासांची चौकट हाती तयार असते. विशाखापट्टणमची गोष्ट गोव्यात आणणे त्यामानाने सोपे असते. तीच गोष्ट रोज रात्री साडेआठ वाजता घरोघरी नेणे अवघड असते.

त्याचा हिशेब करून पाहू. दूरचित्रवाणीवर दर तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवू नयेत असे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम सांगतात. त्यांपैकी १० मिनिटे व्यापारी जाहिरातींना आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीला. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती, शीर्षकगीत आणि मागील भागाची उजळणी वजा केली, तर कथेला वीस-बावीस मिनिटे उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर दोन तासांहून थोडे अधिक. मूळ चित्रपटातील एकही दृश्य न गाळता आणि पदरचे काहीही न घालता तो तसाच मालिकेत दाखवला, तर दुसऱ्या आठवड्यातच वासू आणि सपना यांचा अंत होईल, आणि नेपथ्यावरचा रंगही नीट वाळलेला नसेल. दैनंदिन मालिकेचे घर उभारणे, कलाकारांशी करार करणे आणि तंत्रज्ञांचा ताफा जमवणे यांवर आरंभीच मोठा खर्च होतो. भागांची संख्या वाढत जाईल तसा तो अधिक भागांवर विभागला जातो. त्यातच प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे येत असतात. आकडे चांगले असतील तर वाहिनी मालिका थांबवू देत नाही, आणि वाईट असतील तर कथा पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. लेखकाला शेवट ठाऊक असतो, पण तो केव्हा लिहायचा हे त्याच्या हातात नसते.

अर्थात सगळ्याच पुनर्निर्मिती दैनंदिन मालिकेच्या रूपात होत नाहीत. अमेरिकेत ‘डर्टी डान्सिंग’ या १९८७ च्या प्रेमपटावर एबीसी वाहिनीने २०१७ मध्ये एकाच रात्री दाखवायचा तीन तासांचा दूरचित्रपट काढला. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ या १९९४ च्या ब्रिटिश चित्रपटावरून २०१९ मध्ये दहा भागांची मालिका झाली, आणि तिने मूळ पात्रे बाजूला ठेवून केवळ लग्ने व एक अंत्यविधी एवढाच सांगाडा घेतला. पहिले उदाहरण अधिक बोलके आहे. मूळ ‘डर्टी डान्सिंग’ १९६३ च्या एका उन्हाळ्यात, सुट्टी घालवण्याच्या एका ठिकाणी घडतो; डॉक्टरांची मुलगी आणि तिथला नृत्यशिक्षक यांचे प्रेम काही आठवड्यांचे आहे, आणि शेवटच्या नृत्यावर चित्रपट थांबतो. त्या दोघांचे पुढे काय झाले हे प्रेक्षकाला सांगितलेले नाही. दूरचित्रवाणीच्या आवृत्तीत जाहिराती वजा जाताही वेळ अधिक होता, म्हणून नायिकेच्या आईवडिलांच्या संसारातील तणाव विस्ताराने आला आणि शेवटी कथा १९७५ मध्ये नेऊन ती आता दुसऱ्याची पत्नी आणि एका मुलीची आई आहे, असे दाखवले गेले. माझ्या मते हा निर्णय चुकला. मूळ कथेत उन्हाळा संपणार हीच अडचण होती, आणि तो संपताच तिची ताकदही संपली. बारा वर्षांनंतरची भेट ही त्या कथेची गरज नव्हती, ती जादा वेळेची गरज होती.

आता आपल्या काल्पनिक मालिकेकडे परत येऊ. घरच्यांचा विरोध ही वासू आणि सपना यांची मुख्य अडचण. चित्रपटात ती दोन-चार ठसठशीत प्रसंगांत उभी राहते. मालिकेत मात्र तीच अडचण रोज दाखवावी लागेल, आणि कोणताही विरोध रोज पाहिला की त्याची धार जाते. मग लेखक खलपात्र वाढवतात, कोणी एखादे पत्र लपवतो, कोणी दाराआडून अर्धेच बोलणे ऐकतो. गैरसमज हे इंधन मराठी रंगभूमीला नवे नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ तर सगळे त्यावरच चालते, आणि तेही परक्या नाटकावरून मराठीत आणलेले आहे. आजही गावच्या जत्रेत त्यातली पदे ऐकायला लोक रात्र जागवतात. पण फाल्गुनरावाचा संशय त्याच रात्री फिटतो, म्हणून तो विनोदी वाटतो. तोच संशय सहा महिने चालवला, तर प्रेक्षक फाल्गुनरावाला मूर्ख आणि कृत्तिकेला सोशीक ठरवून मोकळे होतील. रोजच्या मालिकांविषयी आपल्याकडे जी कुरकुर ऐकू येते तिचे मूळ बरेचदा इथे आहे. अभिनय किंवा संवाद वाईट असतातच असे नाही, परंतु एका रात्रीच्या मापाची अडचण सहा महिन्यांवर ताणलेली असते.

भाषेची अडचण मात्र वेगळी आहे, आणि ही कथा मालिकेसाठी का निवडावी याचे खरे कारण तिच्यात आहे. चित्रपटात बंद पडलेल्या लिफ्टमध्ये नायक केवळ हिंदी चित्रपटांच्या नावांनी रचलेले एक गाणे म्हणतो. त्याच्याकडे तेवढेच हिंदी आहे. पुढे वर्षभराच्या ताटातुटीत तो हिंदी शिकतो, आणि तो भाग काही दृश्यांतच आटोपतो. भाषा शिकणे ही मुळात संथ, चुकांनी भरलेली आणि रोज थोडी-थोडी घडणारी गोष्ट आहे. म्हणजे मालिकेला जो वेळ खायचा असतो, तो ही गोष्ट हक्काने मागते. सपनाने बाजारात चुकीचा तमिळ शब्द उच्चारावा, वासूच्या आईला तो कळूनही तिने न कळल्यासारखे करावे, आणि पंधरा भागांनंतर त्याच आईने नकळत हिंदीत उत्तर द्यावे, असे काही दाखवण्यासाठी चित्रपटाकडे जागाच नसते.

आणि इथे गोव्यालाही काही मिळू शकते. मूळ चित्रपटात गोवा ही दोन्ही कुटुंबांची परकी भूमी आहे. गोंयकार माणूस त्यात जवळजवळ पार्श्वभूमीपुरता आहे. दैनंदिन मालिकेला दोन कुटुंबांपलीकडची माणसे लागतातच: सकाळी सायकलवरून पाव आणणारा पोदेर, शेजारची कोकणीत बोलणारी आणि देवळात मराठी आरती म्हणणारी आजी, जत्रेच्या नाटकाच्या तालमीला नायकाला ओढून नेणारा मित्र. ज्या गावात एकाच दिवसात कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी सहज कानी पडतात, तिथे भाषेवरून दोन घरांनी हाडवैर धरावे यातली विसंगती एखाद्या गावकऱ्याने नुसत्या मिस्कील प्रश्नातूनही दाखवून द्यावी. चित्रपटाला हे सुचले नाही असे म्हणता येणार नाही. त्याला त्यासाठी वेळ नव्हता.

मग काळाचा प्रश्न येतो. वर्षभर संपर्क ठेवायचा नाही ही अट १९८१ मध्ये पटत होती, कारण पत्र आणि ट्रंक कॉल एवढीच साधने होती आणि दोन्हींवर वडीलधाऱ्यांची नजर राहू शकत असे. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि परकी भाषा तो फोनच भाषांतरित करून दाखवतो. म्हणजे कथा आजच्या काळात आणली तर तिची दोन्ही चाके निखळतात. यावर मार्ग दोनच. एक, कथा १९८१ मध्येच ठेवायची, जसे ‘डर्टी डान्सिंग’च्या दूरचित्रपटाने १९६३ साल कायम ठेवले. त्यासाठी जुनी वाहने, जुने कपडे, जुनी दुकाने, आणि गोव्याच्या बाबतीत उंच इमारती व जाहिरात फलक चौकटीबाहेर ठेवणारी ठिकाणे शोधावी लागतात. मोजक्या भागांच्या मालिकेला हे परवडते, रोजच्या मालिकेला सहसा परवडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे अडचणच बदलायची. संपर्क तुटण्याऐवजी तो अखंड चालू असणे, रोज बोलूनही विश्वास विरत जाणे, अशी अट आजच्या काळाला शोभेल. पण तसे केले तर मूळ कथेतले उरते काय, हा प्रश्न प्रेक्षकाच्या आधी वकील विचारतो.

कारण हक्कांचा गुंता याच ठिकाणी सुरू होतो. भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे, आणि त्याच्या दृष्टीने चित्रपट ही एकच वस्तू नसते. चित्रपटाचा हक्क निर्मात्याकडे असतो आणि प्रदर्शनानंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो; १९८१ चा चित्रपट म्हणजे २०४१ अखेरपर्यंत. पण त्या चित्रपटाखाली असलेली कथा-पटकथा, गीते आणि संगीत यांचे हक्क स्वतंत्र असतात, आणि ते त्या-त्या लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजले जातात. बालचंदर २०१४ मध्ये निवर्तले, म्हणजे त्यांच्या लेखनाची मुदत २०७४ अखेर संपते. गीतकार आनंद बक्षी २००२ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांची मुदत २०६२ अखेरची. हे हक्क त्या व्यक्तींच्या वारसांकडेच असतील असे नाही. करारांनी ते निर्मात्याकडे किंवा संगीत कंपनीकडे गेलेले असू शकतात. मालिका काढणाऱ्याला म्हणूनच कोणत्या करारात नेमके काय लिहिले आहे ते वाचावे लागते. पुनर्निर्मितीचा हक्क दिला असेल तर तो कोणत्या भाषेपुरता? त्यात चित्रपटाबरोबर मालिका धरली आहे का? आणि आपण तेलुगू मूळ विकत घेत आहोत की हिंदी आवृत्ती? गाणी वापरायची तर त्यांची परवानगी निराळी. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनातील आपला वाटा कायमचा सोडून देता येत नाही.

मग अनेक निर्माते हक्क न घेताच ‘तसेच काहीतरी’ का काढतात, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर १९७८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आहे, आणि योगायोग असा की तो खटलाही भाषेच्या भिंतीपलीकडच्या प्रेमाचाच होता. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकात पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतील मुलामुलींचे प्रेम व त्याला घरच्यांचा विरोध हा विषय होता. १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला आहे, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कोणाचाही मालकी हक्क नसतो. हक्क असतो तो त्या कल्पनेच्या विशिष्ट मांडणीवर, आणि दोन कृती पाहिल्यावर दुसरी पहिलीची नक्कल आहे अशी प्रेक्षकाची स्पष्ट समजूत झाली तरच उल्लंघन ठरते, असे या निकालाने सांगितले. म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या दोन घरांतले प्रेम कोणीही लिहावे. लिफ्टमधले ते दृश्य, ती वर्षाची अट आणि तो शेवट हे सगळे त्याच क्रमाने घेतले, तर मात्र पैसे मोजून घ्यावे.

शेवटाविषयी थोडे. चित्रपटाला प्रदर्शनापूर्वी प्रमाणन मंडळाकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते; मालिकेच्या भागांना तसे आधी घ्यावे लागत नाही, त्यांना १९९५ च्या केबल कायद्याखालील कार्यक्रम संहिता लागू होते आणि तक्रार आली तर ती नंतर पाहिली जाते. त्यामुळे शोकान्त शेवटाला वाहिन्या कचरतात त्यामागे कायदा फारसा नसतो. ज्या दोघांना घरातली माणसे मानून प्रेक्षकांनी वर्षभर जेवणाच्या वेळी पाहिले, त्यांना मारणे वाहिनीला जड जाते. ‘सैराट’ या २०१६ च्या मराठी चित्रपटावरून २०१९ मध्ये अँड टीव्ही वाहिनीवर ‘जात ना पूछो प्रेम की’ ही हिंदी मालिका आली आणि काही महिन्यांतच संपली. तिच्या निमित्ताने ही पेचाची जागा स्पष्ट दिसते: ‘सैराट’चे सारे बळ ज्या अखेरच्या दृश्यात साठवलेले आहे, ते दृश्य आज ना उद्या येणार हे देशभर ठाऊक असताना रोजची मालिका त्याच्या दिशेने चालत तरी कशी राहणार?

चित्रीकरण आपल्याकडे होणार का, या घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर गोवा मनोरंजन संस्थेच्या परवानगीपासून सुरू होते. राज्यातील चित्रीकरणाची परवानगी याच संस्थेमार्फत मिळते. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात साथीमुळे चित्रीकरण बंद झाले, तेव्हा मराठी-हिंदी मालिकांचे अनेक ताफे गोव्यात आले आणि कथेतली कुटुंबे एकाएकी सहलीला किंवा लग्नाला गोव्यात येऊन पोहोचली. मेच्या आरंभी इथलेही चित्रीकरण थांबले, आणि त्या सहली तितक्याच तातडीने आवरल्या गेल्या. रोजच्या मालिकेत कथेला कोणकोणत्या गोष्टींपुढे वाकावे लागते हे तेव्हा उघड दिसले.

मालिकेच्या मापाची प्रेमकथा खुद्द गोव्याकडे आहे असे मला वाटते, आणि तिचे नाव ‘निर्मोण’. १९६६ च्या या कोंकणी चित्रपटाचे निर्माते फ्रँक फर्नांड आणि दिग्दर्शक ए. सलाम, त्यात सी. आल्वारिस आणि शालिनी मार्डोळकर यांच्या भूमिका होत्या. पुढच्याच वर्षी सलाम यांनी त्यावरून ‘तकदीर’ हा हिंदी चित्रपट केला आणि नायिका म्हणून शालिनी यांनाच घेतले. या कथेचे मूळ टेनिसन यांच्या ‘ईनॉक आर्डन’ या १८६४ मधील दीर्घकवितेत आहे. कवितेतला नाविक कुटुंबासाठी समुद्रावर जातो, जहाज फुटते, वर्षांमागून वर्षे जातात, तो मेला असे समजून पत्नी बालपणीच्या मित्राशी लग्न करते, आणि तो परत येतो तेव्हा तिचा सुखाचा संसार पाहून स्वतःची ओळख न देताच राहतो. जहाजावर काम करणाऱ्या तारवट्यांची आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरांची माहिती गोव्याला कोणी देण्याची गरज नाही. इथे अडचण म्हणजे वाट पाहण्याचा काळच आहे, तीत खलपात्र नाही आणि लपवलेले पत्रही नाही. चाळीस-पन्नास भागांत ती कथा ताणल्यासारखी वाटणार नाही, उलट पत्नी दुसऱ्या लग्नाला तयार होईपर्यंतचा जो काळ चित्रपटाला काही मिनिटांत उरकावा लागतो, तो मालिकेत प्रेक्षकालाही तिच्याबरोबर काढता येईल. टेनिसन १८९२ मध्ये वारले, त्यामुळे कविता केव्हाच सर्वांसाठी खुली झाली आहे. ‘निर्मोण’ या चित्रपटाच्या हक्काची मुदत २०२६ अखेर भरते. पटकथा आणि गाणी यांच्यासाठी मात्र तेव्हाही परवानगी मागावी लागेल, आणि ‘क्लावदिया’ या गाण्याशिवाय ‘निर्मोण’ गोव्यात कोणी पाहील असे मला तरी वाटत नाही.